भीड सोडा, भाडं सोडू नका

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली की बदली आणि भाड्याची खोली या दोन गोष्टी पाठीशी लागतातच. मुख्यालयी राहा, असा नियम असतो. मुख्यालयी राहण्याजोगं घर मिळेल, असा नियम कुठेच नसतो. परभणी तालुक्यातल्या पेडगावात मी बरीच वर्षं भाड्याने राहिले, पुढे मुलांच्या कॉलेजसाठी परभणीत बिऱ्हाड हलवलं. पेडगाव म्हटलं की बाहेरचे लोक ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आठवून हसतात. ती म्हण नगरकडच्या, भीमेकाठच्या पेडगावची; आमचं पेडगाव परभणी आणि मानवत रोड यांच्या मधल्या रेल्वे स्टेशनचं. पण छत गळतंय म्हटल्यावर वेड पांघरणारे घरमालक मला गावातही भेटले आणि शहरातही.

भाडेकरूला हक्क असतात हे अनेकांना माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं, त्यांना ते मागायला जड जातं. मालक गावातला मोठा माणूस, त्याची नातवंडं आपल्याच वर्गात, सणावाराला त्यांच्याकडून ताट येतं. मग गळक्या छताचा विषय काढायचा कसा? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते भाड्याच्या घरात फार लवकर पटतं. आणि भीड एकदा मोडली की माणसं थेट दुसऱ्या टोकाला जातात, भाडं देणंच बंद करतात. या दोन टोकांच्या मधला रस्ता सापडायला वेळ लागला. तो इथे मांडते. मी मास्तरीण आहे, वकील नाही. कलमांचे आकडे दिलेत ते वकिलापुढे नेमका प्रश्न ठेवता यावा म्हणून.

१. घर मे महिन्यात बघा, पण नजर श्रावणातली ठेवा

बदल्या उन्हाळ्यात होतात, खोल्याही उन्हाळ्यातच बघितल्या जातात. उन्हाळ्यात सगळी घरं शहाणी दिसतात.

आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांना माळवद असतं. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. दर वर्षी मिरगाआधी ही माती नव्याने टाकून दाबून घ्यावी लागते. एक वर्ष चुकलं की पाणी वाट शोधतं. लागोपाठ काही वर्षं चुकलं की तुळयांची टोकं कुजतात, वाळवी लागते आणि माळवद मध्ये झुकतं. म्हणून खोली बघताना भिंतीच्या रंगापेक्षा तुळई भिंतीत शिरते ती जागा बघावी. तिथे वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का? छताच्या खाली भिंतीवर ओलीची पिवळी रेघ आहे का? सगळी भिंत जुनी आणि एकाच कोपऱ्याला ताजा चुना, असं का? पत्र्याचं घर असेल तर खिळ्यांची भोकं, डांबराची ठिगळं आणि पन्हाळीचा उतार बघावा.

मालकाला ‘गळतं का?’ असं विचारून उपयोग नसतो, उत्तर ठरलेलं असतं. ‘माळवदावर माती शेवटची कधी टाकली?’ असं विचारावं. शेजारणीला ‘आधीचं बिऱ्हाड का गेलं?’ हे विचारावं. शेजारीण खोटं बोलत नाही.

मराठवाड्यात याला नखरा समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली, त्यातली बरीचशी दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आल्याने. २०२४ मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला हिंगोलीकडच्या भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले. झुकलेली तुळई दिसली की भाडं कमी करून मागू नये, दुसरी खोली बघावी.

२. सामान आत नेण्याआधी घराची हजेरी घ्या

रिकाम्या घराचे फोटो काढा: छत, चारही कोपरे, मोरी, संडास, विजेचा बोर्ड, दारांच्या कड्या. जे मोडकं आहे त्याची यादी करून मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. ‘काका, आज खोली ताब्यात घेतली. मागच्या खोलीचा पत्रा दोन ठिकाणी फुटलेला आहे, मोरीचा पाइप चोंदलेला आहे.’ एवढं पुरे. काका अंगठा दाखवून मोकळे होतात, आणि तो अंगठाच पुढे उपयोगी पडतो.

ही यादी दोन वेळा कामाला येते. दुरुस्ती मागताना बिघाड तुमच्यामुळे झालेला नाही हे दिसतं, आणि खोली सोडताना डिपॉझिटमधून ‘मोडतोड’ वजा करायला जागा राहत नाही.

३. करारातली दुरुस्तीची ओळ शोधून वाचा

छापील करारात एक ओळ हमखास असते: ‘किरकोळ व मोठी दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी.’ ती वाचल्याशिवाय सही करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्यायोग्य, नीट दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. मात्र भाडेकरूने त्याविरुद्ध करार केलेला नसेल तरच. म्हणजे कायद्याने दिलेलं तुम्ही एका सहीने परत करू शकता. ‘मोठी’ हा शब्द खोडायला लावा. बल्ब, नळाचा वॉशर, कडी-कोयंडा यांचा खर्च खुशाल अंगावर घ्या.

दुसरी गोष्ट अकरा महिन्यांच्या कराराची. शहरात हल्ली भाड्याने म्हणून जे मिळतं ते बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर असतं. अशा करारातला माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. भाडेकरूचं संरक्षण त्याला सरसकट मिळत नाही, त्याचे हक्क मुख्यतः करारात लिहिलेले असतील तेवढेच. मुदत संपल्यावर तो हलला नाही तर कलम २४ नुसार दुप्पट रक्कम भरायची वेळ येऊ शकते. म्हणून या करारात ‘गळती, भिंती, ड्रेनेज व वायरिंगची दुरुस्ती मालक लेखी कळवल्यापासून अमुक दिवसांत करील’ हे वाक्य घालून घ्यायलाच हवं.

तिसरी गोष्ट नोंदणीची. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे करार नोंदवला, असा समज सगळीकडे आहे. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. कलम ५५ प्रमाणे ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि त्याने ती केली नाही तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणीचा खर्च वाचवला म्हणून खूश होणाऱ्या मालकाला हे समजावून सांगितलं की तो स्वतःच निबंधक कार्यालयाचा रस्ता धरतो.

४. परभणीचा कायदा पेडगावात चालेलच असं नाही

ही गोष्ट मला कुणी सुरुवातीला सांगितली नव्हती, आणि अजूनही फार कुणी सांगत नाही.

पूर्वी राज्यात तीन कायदे होते. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राला १९४७ चा, विदर्भाला १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश आणि आमच्या मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा १९५४ चा. ते मोडून ३१ मार्च २००० पासून सगळीकडे १९९९ चा अधिनियम आला. पण ‘सगळीकडे’ म्हणजे त्याच्या अनुसूचीत जे भाग आहेत तिथे. शहरं आणि नगरपालिकांची गावं त्यात प्रामुख्याने आहेत. खेड्यातली खोली आपोआप त्यात येते असं धरून चालू नये. करार करण्याआधी वकिलाकडून अनुसूची तपासून घ्यावी.

हा अधिनियम जिथे नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. त्याच्या कलम १०८ मध्येही भाडेकरूची सोय आहे: जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने सूचना देऊनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून कापावा. खोच ‘बांधील आहे’ या शब्दांत आहे. शहरात कायदा मालकाला बांधून टाकतो. गावात त्याला बांधायचं काम तुमच्या कराराने करायचं असतं. गावात करार कुणी लिहितच नाही, आणि खरं तर लिहिण्याची गरज गावातच जास्त आहे. साध्या कागदावर ‘माळवद व पत्र्याची दुरुस्ती मालकाकडे’ एवढं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या तरी बोलायला आधार होतो.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. घराचा एखादा मोठा दोष मालकाला माहीत आहे आणि तुम्हाला सहज दिसण्यासारखा नाही, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. बांधलेल्या चुलीमागे भिंत फुगलेली असेल तर ते त्याने आधीच सांगावं.

५. आधी तोंडाने बोला, पण मुदत मालकाच्या पंचांगावर सोडू नका

पहिल्याच दिवशी नोटीस पाठवणारा भाडेकरू गावात टिकत नाही. आधी घरी जाऊन बोलावं. मग जी उत्तरं येतात ती सगळ्या परभणी जिल्ह्यात सारखीच. ‘बाई, पोळा होऊ द्या.’ ‘सोयाबीन निघू द्या, मग बघा.’ ‘कापूस मोंढ्यावर जाऊ द्या की.’ ‘आता लगीनसराई हाय बाई, मिस्तरी कुठून आणू?’ तोवर पुन्हा मिरग येतो.

ही सगळी उत्तरं खोटी नसतात. शेतकऱ्याच्या हातात पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो. म्हणून मी कामाचे दोन भाग करायला शिकले. पन्हाळीतली माती काढणं, फुटलेल्या पत्र्यावर तात्पुरता ताडपत्रीचा तुकडा बांधणं, मोरीचं तोंड मोकळं करणं, याला पैसा लागत नाही, माणूस लागतो. ते या रविवारी व्हायला हवं. पत्रा बदलणं, तुळईला टेकू देणं, वायरिंग नवं करणं, याला पैसा लागतो. त्याची तारीख ठरवावी. ‘दसऱ्याला’ असं मालक म्हणाले की लगेच, ‘दसऱ्याच्या आधीचा शनिवार धरू?’ असं विचारावं. घरी येऊन तोच मजकूर मेसेजने पाठवावा: ‘काका, आज ठरल्याप्रमाणे…’. बोलणं गोड राहतं आणि तारीख कागदावर उरते.

वीज आणि छत यांना मात्र सुगीची वाट बघायला लावू नये. ओल्या भिंतीत वायर असेल तर मुदत आजची.

६. पंधरा दिवसांची नोटीस म्हणजे भांडण नव्हे

तारीख टळली, पुन्हा टळली, की लेखी कळवायची वेळ झाली. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम १४ मध्ये किमान पंधरा दिवसांची नोटीस सांगितली आहे, पोस्टाने किंवा दुसऱ्या कुठल्याही रीतीने. तिला वकिलाचं लेटरहेड लागत नाही. मी वर्गातल्या मुलांकडून जसा अर्ज लिहून घेते तसाच हा अर्ज: तारीख, घराचा पत्ता, भाडं किती व कुठपर्यंतचं भरलं, काय मोडलं आहे, कधी कधी सांगितलं, काय दुरुस्ती हवी, आणि शेवटी ‘ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती न झाल्यास कायद्याप्रमाणे मी ती करून घेईन व खर्च भाड्यातून वळता करीन.’ विशेषणं घालू नयेत. ‘निष्काळजी’, ‘मुजोर’ असे शब्द आले की दुरुस्ती बाजूला पडते आणि मानापमान सुरू होतो.

नोटिशीची प्रत ठेवा आणि ती पोचल्याचा पुरावा ठेवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे ‘रजिस्टर एडी’ मागू नका; स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच मागा.

एकाच वाड्यात तीन-चार बिऱ्हाडं असतील तर सगळ्यांनी मिळून एकच नोटीस द्यावी, कायद्यात तशी सोय आहे. एकट्याला ‘बाईच कटकटी आहेत’ असं म्हणता येतं, चौघांना म्हणता येत नाही. शहरातल्या घरी आम्ही असंच केलं. खालची नर्स, वरचं बँकेतलं जोडपं आणि मी, तिघांच्या सह्या गेल्या आणि वर्षभर न सापडलेला गवंडी नोटिशीच्या मुदतीत सापडला.

७. खर्च कापायचा तर हिशेब शाळेच्या दप्तरासारखा ठेवा

मुदत उलटली तर दुरुस्ती स्वतः करून घेता येते, पण कापायला मर्यादा आहे. एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त कापता येत नाही. समजा, भाडं महिन्याला ३,००० रुपये. वर्षाचे ३६,००० झाले, म्हणजे या वर्षात जास्तीत जास्त ९,००० कापता येतील. पत्रा बदलायला १५,००० लागले तर उरलेले पुढच्या वर्षावर गेले. खर्चावर १५ टक्के सरळव्याजाची तरतूद आहे, पण हात आखडलेल्या भाडेकरूला आज १५,००० उभे करायचे असतात, हे विसरून चालत नाही. म्हणून सगळं एकदम काढू नये. ज्यामुळे घर राहण्याजोगं उरत नाही तेवढंच आधी करावं.

याच कलम १४ मध्ये भाडेकरूच्या बाजूची फार मोठी गोष्ट आहे: भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा आणि तो मालकावर बंधनकारक. अर्थात पावत्या असतील तर. हार्डवेअरच्या दुकानातून पक्कं बिल घ्या. गवंडी आणि वेल्डर पावती देत नाहीत. वहीच्या पानावर काम, मजुरी, तारीख लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्या आणि पैसे शक्यतो फोनवरून पाठवा. कामाआधीचा आणि कामानंतरचा फोटो एकाच जागेवरून काढा.

आणि एक जपा: दुरुस्तीच्या नावाखाली बांधकाम करू नका. मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्कं बांधकाम केलं तर ते घर खाली करायला कारण होऊ शकतं. फुटलेला पत्रा बदलणं ही दुरुस्ती. पत्र्याच्या जागी स्लॅब टाकणं ही आपत्ती.

८. काहीही झालं तरी भाडं थांबवू नका

‘दुरुस्ती नाही तर भाडं नाही’ हे ऐकायला न्यायाचं वाटतं. प्रत्यक्षात त्या दिवसापासून थकबाकीदार तुम्ही होता आणि गळतीचा विषय संपतो. कलम १५ सांगतं की भाडेकरू भाडं देतो आहे आणि द्यायला तयार आहे तोवर त्याच्याकडून सहसा ताबा काढून घेता येत नाही. म्हणजे महिन्याच्या महिन्याला भरलेलं भाडं ही तुमची ढाल आहे. ती आपल्याच हाताने खाली कशाला ठेवायची?

थकलंच, तरीही मालकाने लेखी मागणी केल्यापासून नव्वद दिवस जाईपर्यंत त्याला थकबाकीसाठी ताब्याचा दावा लावता येत नाही. दावा लागला तर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, व्याज आणि खर्च भरून घर वाचवता येतं. ही दारं अडचणीच्या माणसासाठी आहेत, रुसून बसलेल्यासाठी नाहीत.

चिडलेला मालक कधी भाडंच घेत नाही, म्हणजे उद्या ‘भाडं दिलं नाही’ म्हणता यावं. त्याच्या खात्यात टाका, फोनवरून पाठवा, मनीऑर्डर करा. परत आली तर परत आल्याचा कागद फाइलला लावा. भाड्याची पावती देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, न देणं शिक्षेला पात्र आहे. पावती मागताना कसंसंच वाटत असेल तर पैसे पाठवताना ‘जून महिन्याचं खोलीभाडं’ असं लिहून पाठवा.

९. पाणी आणि वीज तोडणं म्हणजे घरमालकाचा अधिकार नव्हे, गुन्हा

नोटिशीनंतर काही ठिकाणी दुरुस्तीऐवजी उत्तर येतं ते अंधाराने. बोअरची मोटर ‘जळते’, मीटरचा कट-आउट ‘सैल होतो’. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडता किंवा अडवता येत नाहीत. मालकाने बिल भरलं नाही म्हणून पुरवठा गेला, तरी ते अडवण्यातच जमा. अर्ज केल्यावर कोर्ट मालकाला नोटीस जाण्याआधीसुद्धा पुरवठा चालू करण्याचा अंतरिम आदेश देऊ शकतं आणि गुन्हा शाबीत झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

विजेसाठी याहून सरळ वाट आहे आणि ती गावातही चालते. वीज कायदा, २००३ चं कलम ४३ सांगतं की घराचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तरी वीज कंपनीने जोडणी द्यायची. १३ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं आहे की वीज ही मूलभूत गरज आहे, आणि केवळ मालक ना हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार तिथे खरोखर राहतो का, एवढंच बघायचं. हे महावितरणच्या खिडकीवर शांतपणे सांगावं, हातात करार किंवा राहण्याचा पुरावा घेऊन. स्वतःच्या नावचं मीटर असलं की सबमीटरच्या मनमानी दरातूनही सुटका होते.

१०. मालक कोण, हे शोधा; मालकाची अडचण समजून घ्या

पडक्या वाड्यामागे पुष्कळदा दुष्टपणा नसतो, भाऊबंदकी असते. वडील गेले, वारसांची नावं लागलेली नाहीत. एक भाऊ गावात, एक संभाजीनगरला, एक पुण्यात, आणि ‘मी एकट्याने खर्च का करू?’ या प्रश्नावर माळवद झुकत चाललेलं. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा काढला की घर कुणाच्या नावावर आहे ते कळतं. १९९९ च्या अधिनियमात तर जो भाडं घेतो तोही मालकच धरला जातो. म्हणून ज्याच्या हातात भाडं देता त्याला नोटीस पाठवा, इतर वारसांना प्रत पाठवा. तीन भाऊ वर्षानुवर्षं बोलत नसतील, पण तिघांना एकच कागद आला की फोन होतो.

शहरात दुसरी अडचण असते. जुन्या भाडेकरूंचं भाडं इतकं कमी की गवंड्याची दोन दिवसांची मजुरीही त्यातून निघत नाही. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ घेता येते आणि घरात नवी सुधारणा करायची असेल तर भाडेकरूंच्या संमतीने खर्चाच्या प्रमाणात भाडं वाढवण्याचीही तरतूद आहे. परभणीच्या घरी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं ते याच वाटेने. आम्ही आपणहून थोडं भाडं वाढवून दिलं आणि ते का वाढवलं ते कागदावर लिहून घेतलं. हक्काचं मागताना समोरच्याचा वाजवी हिशेब मान्य करण्यात कमीपणा नाही, उलट काम लवकर होतं.

११. छत खाली यायला लागलं तर आधी माणसं बाहेर काढा

भिंतीला बोट जाईल एवढी भेग, तुळईचा कडकड आवाज, दार अचानक चौकटीत अडकायला लागणं, यातलं काहीही झालं तर नोटिशीचे दिवस मोजत बसू नका. त्या रात्री शाळेत झोपा, शेजाऱ्याकडे झोपा. दुसऱ्या दिवशी शहरात महापालिकेला, गावात ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पोच घ्या. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यात पाऊस कोसळला तेव्हा ओल धरलेल्या किती भिंती एका रात्रीत बसल्या, ते आम्ही पाहिलं आहे.

जीव वाचवायला बाहेर पडलं म्हणजे हक्क सोडला असं होत नाही, पण कुलूप तुमचंच राहू द्या आणि भाडेकरूपण सोडलेलं नाही असं लिहून कळवा. मोठ्या दुरुस्तीसाठी मालकाला घर रिकामं हवं असेल तर १९९९ च्या अधिनियमात कोर्टामार्फत तशी वाट आहे, आणि त्यात दुरुस्तीनंतर परत राहायला येण्याचा भाडेकरूचा हक्कही आहे. ‘दोन महिने दुसरीकडे जा, मग या’ या तोंडी शब्दावर किल्ली देऊ नका.

१२. कोर्टाआधी विधी सेवा प्राधिकरण

परभणीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. बाईला उत्पन्नाची अटही नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. बरीच प्रकरणं दाव्यापर्यंत जातच नाहीत. प्राधिकरणाकडून बोलावणं आलं की वेड पांघरलेला माणूस शहाण्यासारखा बोलायला लागतो.

मालकाने तुमच्या गैरहजेरीत कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं तर मात्र थांबू नका. ‘ही दिवाणी बाब आहे’ असं पोलीस ठाण्यात ऐकावं लागलं तरी तक्रार लेखी द्या. विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे, कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतल्यास तो परत मिळवण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत लावता येतो. तिथे घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्नच नसतो, ताबा कुणाचा होता एवढंच बघतात. सहा महिने नातेवाइकांच्या मध्यस्थीत घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

१३. खोली सोडताना पुढच्या बिऱ्हाडाला खरं सांगा

निघताना पुन्हा फोटो काढा, मीटरचं शेवटचं रीडिंग लिहून घ्या, किल्ली देताना ‘ताबा दिला, डिपॉझिट मिळालं’ किंवा ‘मिळायचं बाकी’ असं लिहून घ्या. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असं म्हटलं आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण डिपॉझिट ठरवताना मालकापुढे ठेवायला तो आकडा चांगला आहे.

आणि नवे भाडेकरू खोली बघायला आले तर मालकासमोरच सांगा: मागच्या खोलीत गळत होतं, पत्रा अमुक साली बदलला, माळवदावर माती टाकलेली नाही. बदली होऊन येणारी नवी बाई पुन्हा पहिल्या पावसात तेच शिकत बसली, तर मालकाला दुरुस्तीची निकड कधीच वाटणार नाही. कायदा एका भाडेकरूला एका वर्षात भाड्याचा चौथा हिस्साच कापू देतो. खोली रिकामी पडून राहिली तर मालकाचं सगळं भाडं जातं. हा हिशेब प्रत्येक मालकाला येतो, त्याला तो मांडून दाखवणारं कुणीतरी हवं असतं.